तंदूरमध्ये काय जाळावं? (ग्वाल्हेरची थंडी, टालीचं लाकूड आणि पाइपातून गळणारा काळा काढा)

लष्करकर, ग्वाल्हेर | २८ डिसेंबर, रात्री १०:१५

मंडळी, नमस्कार. आधी घर समजून घ्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला जुना वाडा, दोन-अडीच फुटी भिंती, वर दगडी पाटिया, छत १४ फूट. मेमध्ये हेच घर स्वर्ग असतं. डिसेंबर सरता सरता भिंतींतून गारठा पाझरायला लागतो आणि तीन-तीन दिवस ऊन दिसत नाही. आई ८० च्या पुढे, गुडघे आखडलेले. विजेचा हीटर लावला की गीझर बंद ठेवावा लागतो, नाहीतर सगळं घर अंधारात.

म्हणून दोन वर्षांपूर्वी कुलूहून पत्र्याचा तंदूर आणला. रोटीचा नव्हे. हिमाचलात घर तापवायला असतो तो: चौकोनी पेटी, वर पातेली ठेवायला दोन झाकणं, पुढे दार, दाराखाली हवेची सरकती खिडकी आणि मागून धूर बाहेर न्यायला ४ इंची पाइप. बसवला माजघरात. पाइप झरोक्यातून वर गच्चीच्या पार नेलाय.

तिकडे ते बानचं (पहाडी ओकचं) आणि देवदाराचं लाकूड घालतात. इथे कुठून आणू? त्यामुळे गेल्या वर्षीपासून जे हाती लागेल ते जाळून बघतोय. आतापर्यंतचा हिशोब असा.

बाभूळ, टालीवरची. आगीला जोर आहे, निखारा रात्रभर टिकतो. पण टालवाला ‘एकदम सूखी’ म्हणून जी देतो ती आतून ओली. टोकांतून फेस येतो, सूं सूं आवाज करते.

विलायती बाभूळ, म्हणजे बीहडातली (चंबळकाठच्या घळींतली). १९८० च्या दशकात चंबळच्या खोऱ्यात विमानातून हिचं बी टाकलं होतं, आता ती सगळीकडे माजली आहे. जळायला देशी बाभळीपेक्षा काकणभर सरसच. काटे मात्र असे की चपलेचा तळ पार करून पायात.

आरा मशीनवरच्या सागाच्या, शिसवीच्या चिपा. भुर्रकन पेटतात, भुर्रकन संपतात. दर दहा मिनिटांनी उठायचं.

कंडे. धूर फार, धग कमी, राख विचारूच नका. पण आईला तोच वास आवडतो.

सरसोंच्या काडांचे दाबून केलेले ब्रिकेट. कारखान्याच्या बॉयलरला जातात, त्यातलं एक पोतं मिळालं. जळतात छान, पण सकाळी राखेऐवजी काचेसारखे खडे निघाले.

दगडी कोळसा. हा किस्सा खाली सांगतो, आधी शिव्या गोळा करायची तयारी करतो.

मुख्य तक्रार: दोन आठवडे झाले की पाइपाच्या सांध्यांतून काळपट तपकिरी पाणी गळतं. भिंतीवर ओघळ, खाली सतरंजीवर डाग, आणि वास जळक्या डांबराचा. मागच्या वर्षी वाटलं पावसाचं पाणी असेल. पण पाऊस नव्हताच. हे कुठल्या जळणामुळे होतं? काय जाळलं तर होणार नाही?

---

पोहेजलेबी, इंदूर | २८ डिसेंबर, रात्री १०:४०

रुमाल टाकून ठेवतो. फोटो टाका की राव.

---

चिमटा, पुणे | २८ डिसेंबर, रात्री ११:०५

टाल म्हणजे वखार का? आणि कंडे म्हणजे गोवऱ्या? लष्करकर, तुमचं मराठी वाचताना शेजारी हिंदी शब्दकोश घेऊन बसावं लागतं.

---

लष्करकर | २८ डिसेंबर, रात्री ११:१२

होय, वखार आणि गोवऱ्या. दोनशे वर्षं इथे आहोत, एवढं चालवून घ्या. तुम्ही ‘गॅस संपला’ म्हणता तेव्हा आम्ही शब्दकोश उघडत नाही.

---

बंबवाली, इंदूर | २९ डिसेंबर, सकाळी ७:२०

माझ्या सासरी १९९८ पर्यंत तांब्याचा बंब रोज पेटायचा, आठ माणसांची आंघोळ. त्यावरून सांगते. बंबाची नळी अरुंद असते, तिला फोडलेलं, बोटाएवढं सरपण लागतं: धलप्या, करवंट्या, तुराट्या. ओंडका घातला की धुमसलाच. सासूबाई करवंट्या वर्षभर गच्चीवर साठवायच्या. तीन करवंट्यांत एक बंब कढत पाणी, असा त्यांचा हिशोब होता. मला तो कधी तीनात जमला नाही.

तुमच्या गळतीचं मला असं वाटतं की लाकूड ओलं आहे. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं ‘टण्’ वाजतं, ओलं ‘थप्प’.

---

निवृत्त बॉयलरवाला, वडोदरा | २९ डिसेंबर, सकाळी ९:५०

३४ वर्षं कारखान्यांच्या बॉयलरवर काढली, त्यामुळे लांबण लावणार, माफी असावी.

बंबवाली ताई बरोबर आहेत, पण ओलं लाकूड वाईट का, हे बहुतेकांना उलटं माहीत असतं. ‘पाणी उडवण्यात सगळी उष्णता जाते’ असं म्हणतात. हिशोब करू. १० किलो लाकूड, त्यात ४० टक्के पाणी, म्हणजे ४ किलो. ते उकळीपर्यंत आणायला किलोमागे साधारण ८० किलोकॅलरी आणि वाफ करायला ५४०. एकूण अडीच हजारांच्या आसपास. उरलेल्या ६ किलो कोरड्या लाकडात २७ हजार तरी असतात. म्हणजे गेला दहावा हिस्सा. एवढ्याने कोणी गारठून मरत नाही.

खरं नुकसान पुढे आहे. लाकूड कोळशासारखं जळत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग तापल्यावर वायू होऊन बाहेर पडतो आणि जाळ दिसतो तो त्या वायूचा. हे वायू पूर्ण जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान आणि वरून ताजी हवा लागते. ओल्या लाकडाची वाफ जाळ थंड करते, वायू अर्धे कच्चे राहतात आणि तसेच पाइपात चढतात. तुमचा पाइप एकेरी पत्र्याचा, १४ फूट, बाहेर पाच-सहा अंश. तिथे ते वायू आणि वाफ दोन्ही थिजतात. तोच तुमचा काळा काढा. वाळून चिकटला की डांबर. एक दिवस तो पाइपातच पेट घेतो, तेव्हा रेल्वेसारखा आवाज येतो. तोवर वाट बघू नका, आजच पाइप उतरवून ठोका.

दोन प्रश्न. रात्री हवेची खिडकी पूर्ण बंद करून झोपता का? आणि पाइपाचे सांधे कसे आहेत: वरचा पाइप खालच्याच्या आत, की खालचा वरच्याच्या आत?

---

लष्करकर | २९ डिसेंबर, दुपारी १:३०

काका, पहिल्याचं उत्तर होय. रात्री दोन मोठे ओंडके घालून खिडकी बंद करतो, म्हणजे सकाळपर्यंत धुगधुगी राहते.

दुसऱ्यासाठी आत्ता शिडी लावून बघितलं. खालचा पाइप वरच्याच्या आत शिरलाय. बसवणारा म्हणाला होता, धूर वर जातो, वरचा पाइप टोपीसारखा बाहेरून बसला की धूर फटीतून येत नाही. मला पटलं होतं.

---

निवृत्त बॉयलरवाला | २९ डिसेंबर, दुपारी २:०५

सगळेच असं बसवतात. धूर वर जातो हे खरं, पण काढा खाली येतो. वरच्या पाइपाच्या आतल्या अंगाने ओघळ उतरतो, सांध्यापाशी येतो आणि खालच्या पाइपाच्या बाहेरून गळतो. उलटा करा: वरच्याचं तोंड दाबून अरुंद करा आणि खालच्याच्या आत घाला. ओघळ आतल्या आत उतरून तंदूरमध्ये पडेल आणि तिथेच जळेल. धूर फटीतून येणार नाही, कारण ओढ चांगली असेल तर पाइप हवा आत खेचतो, बाहेर सोडत नाही.

आणि रात्री कोंडायची सवय सोडा. कोंडलेला ओंडका म्हणजे डांबराची भट्टी.

---

पोहेजलेबी | २९ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

ब्रिकेटचं मी सांगू शकतो, आमच्या माळव्यात सोयाबीनच्या काडाचे, शेंगांच्या टरफलांचे खूप होतात. ‘सफेद कोयला’ म्हणतात, दिसायला तपकिरी. ९० मिलिमीटर जाडीचे दंडगोल. यात डिंक वगैरे काही नसतं. भुसा प्रचंड दाबाने ठासला की गरम होतो, काडातलं लिग्निन (काडाला कडकपणा देणारं द्रव्य) मऊ पडतं आणि तेच चिकटवतं. चांगला ब्रिकेट पाण्यात बुडतो. मग पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो, म्हणून पोतं कधी जमिनीवर टेकवून ठेवू नका, खाली फळी घाला.

काचेच्या खड्यांचं कारण पिकाच्या काडात पोटॅश जास्त असतं. त्याने राख लवकर वितळते. एकटा ब्रिकेट भडकवू नका, बाभळीबरोबर एखादा घाला. आणि फोडून घाला, अख्खा फार वेळ गुदमरतो.

अवांतर: कंड्यांना नावं ठेवू नका. बाफले (आमच्या माळवी बाट्या) कशावर भाजणार?

---

लष्करकर | २९ डिसेंबर, रात्री ९:००

कोळशाचा किस्सा. तंदूरला खाली जाळी नाही, राखेवरच लाकूड जळतं. दगडी कोळसा घातला तर नुसता काळा बसून राहिला. मग मी हुशारी केली. दोन विटा, त्यावर सळया, त्यावर कोळसा. खालून हवा मिळाली आणि असा पेटला की वीस मिनिटांत तंदूरची एक बाजू लाल. अक्षरशः लाल, अंधारात दिसेल अशी. आई शांतपणे म्हणाल्या, “आता रोट्या लावू का?” पत्रा त्या बाजूला फुगलाय तो कायमचा. आणि घरभर गंधकाचा वास. सकाळी राख काढली तर जेवढा कोळसा घातला होता त्याच्या निम्मी वाटावी एवढी.

---

निवृत्त बॉयलरवाला | २९ डिसेंबर, रात्री ९:३५

आपल्या दगडी कोळशात ३० ते ४० टक्के राख असणं नवल नाही, तेव्हा डोळ्यांना निम्मी वाटणारच. लाकडात एखादा टक्का, गोवरीत २० च्या वर.

तुमची हुशारी अर्धी बरोबर होती. कोळशात वायू कमी, जळायचं ते घन कार्बन, त्याला खालून हवा हवी, म्हणून जाळी. लाकडाला उलट: राखेची गादी आणि वरून हवा. म्हणजे एकाच पेटीत दोन्ही नीट जळतच नाहीत. पातळ पत्र्याच्या तंदूरमध्ये दगडी कोळसा कधीच नाही. त्याला बिडाची किंवा आतून विटा लावलेली शेगडी लागते.

---

नाडीपरीक्षा, इंदूर | ३० डिसेंबर, सकाळी ८:१०

डॉक्टर आहे म्हणून फक्त एक मुद्दा. कोळसा-निखाऱ्यांवरून आठवलं. आई रात्री खाटेखाली शेगडी मागतात का? उत्तरेत जुन्या घरांतून ही सवय अजून आहे.

---

लष्करकर | ३० डिसेंबर, सकाळी ८:४५

मागतात. तंदूरमधले निखारे घमेल्यात काढून खाटेजवळ. ‘धूर नाही, मग काय होतंय?’ असं म्हणतात.

---

नाडीपरीक्षा | ३० डिसेंबर, सकाळी ९:०२

आजपासून बंद. धूर नसतो तेव्हाच धोका असतो. धूर असला तर माणूस खोकत उठतो आणि खिडकी उघडतो. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात त्या याच. निखारे तंदूरमध्येच राहू द्या, पाइप उघडा राहू द्या, झरोका दोन बोटं उघडा ठेवा. आईंना खाटेत गरम पाण्याची पिशवी द्या. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो खाटेच्या उंचीवर लावा.

---

श्वास, इंदूर | ३० डिसेंबर, दुपारी १२:२०

सगळे जळणाच्या चर्चेत रमलेत. शेजाऱ्यांचं काय? पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. धुक्याच्या दिवसांत ग्वाल्हेरची हवा आधीच काय असते ते बघा. त्यात तुम्ही ब्रिकेट, कंडे, सरसों जाळून प्रयोग करताय. वायरिंग बदला आणि हीटर लावा, विषय संपला.

---

लष्करकर | ३० डिसेंबर, दुपारी १:१५

वायरिंगचं मान्य, उन्हाळ्यात काम काढतोय. पण शेजाऱ्यांचं म्हणाल तर आमच्या गल्लीत संध्याकाळी सहानंतर प्रत्येक दारात टायर, पुठ्ठा, चपला घालून शेकोटी पेटते. माझा एक पाइप बंद करून काय होईल?

---

श्वास | ३० डिसेंबर, दुपारी १:४०

‘दुसरे टायर जाळतात’ हे उत्तर नव्हे.

---

लष्करकर | ३० डिसेंबर, दुपारी २:१०

नाही, नव्हे. पाइपाच्या तोंडातून काय निघतं ते गच्चीवर जाऊन बघितलं. पिवळट दाट धूर. टायरवाल्यांना हसायचा हक्क मला नाही.

---

चिमटा | ३० डिसेंबर, दुपारी ४:३०

पुण्याच्या आरती संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या वड्या पाडल्या होत्या, २००२ चा अ‍ॅशडेन पुरस्कार त्यांना त्यासाठीच मिळाला. त्यांच्या सराई कुकरमध्ये १०० ग्रॅम वड्यांत चार-पाच माणसांचा वरण-भात-भाजी होते. धूर नाही. पण वरचं डॉक्टरांचं वाचून आता ‘धूर नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. स्वयंपाक झाला की गॅलरीत ठेवावा.

एक सांगा, जुन्या दारं-चौकटी जाळता का? वाड्यात ढीग असेल.

---

लष्करकर | ३० डिसेंबर, संध्याकाळी ५:००

एक चौकट जाळली होती, तैलरंगाची. आईंनी दुसरी उचलू दिली नाही, त्यांचा मुद्दा वेगळा होता (‘आजोबांच्या खोलीची आहे’).

---

निवृत्त बॉयलरवाला | ३० डिसेंबर, संध्याकाळी ५:२०

कारण काही का असेना, आईंचं ऐका. जुन्या तैलरंगात शिसं असायचं, ते राखेत आणि धुरात येतं. प्लायवूड, सनमायका, एमडीएफही नको, त्यांच्या डिंकात फॉर्मल्डिहाइड असतं. आरा मशीनवरून चिपा आणताना हे निवडून घ्या. कण्हेरीची छाटणी तर चुकूनही नको.

आणि आता पेटवण्याची रीत बदलून बघा. जाड फाटी तळाला, त्यावर मधल्या, सगळ्यात वर धलप्या आणि तिथे काडी लावा. आग वरून खाली उतरू द्या.

---

बंबवाली | ३० डिसेंबर, संध्याकाळी ५:४५

वरून? आगीला खालून घालायचं असतं हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं.

---

निवृत्त बॉयलरवाला | ३० डिसेंबर, संध्याकाळी ६:००

ताई, खालून पेटवलं की वरचं लाकूड तापून वायू सोडतं आणि त्या वायूच्या डोक्यावर जाळ नसतोच, तो धूर होऊन जातो. जाळ वर असला की खालून येणाऱ्या वायूला त्यातूनच जावं लागतं. बंबाला हे लागू नाही, त्याची नळी म्हणजे खालीच सगळा खेळ.

---

लष्करकर | १६ जानेवारी, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, अपडेट.

पाइप उतरवला. १४ फुटांतून पाऊण बादली काजळी आणि डांबराचे पापुद्रे निघाले, चकचकीत काळे, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे तुटणारे. वरच्या कोपरात जेमतेम दोन बोटं जागा उरली होती. सांधे उलटे करून घेतले. पत्रेवाला ‘साहेब, उलटं होतंय’ म्हणत होता.

टालीच्या बाभळीतला एक ओंडका खूण करून भाजीच्या काट्यावर तोलला: ३ किलो २००. चार फाका केल्या, तंदूरच्या मागे हातभर अंतरावर भिंतीशी रचल्या. आठवड्याने चारही मिळून २ किलो ६५०, दोन आठवड्यांनी २ किलो ४००. अजून उतरतंय. म्हणजे ‘एकदम सूखी’ लाकडात निदान पाव हिस्सा पाणीच मी विकत घेत होतो. टालवाल्याला हे सांगितलं तर म्हणाला, “पाणी का पैसा अलग से नहीं लिया.”

वरून पेटवणं: पहिल्या दिवशी विश्वास नव्हता, तीन वेळा दार उघडून बघितलं, तीन वेळा विझवलं. चौथ्यांदा हात बांधून बसलो. वीस मिनिटांत जाळ खाली उतरला आणि दाराच्या काचेवर, जी नेहमी काळी व्हायची, नुसती पांढरी पूड. गच्चीवर गेलो तर पाइपाच्या तोंडावर हवा थरथरताना दिसली, धूर जवळपास नाही. श्वास, तुमच्यासाठी फोटो काढला होता, पण फोटोत काहीच दिसत नाही.

दोन आठवड्यांत सांध्यातून एक थेंब नाही. रात्री कोंडत नाही. नऊला शेवटचं लाकूड घालतो, अकरापर्यंत निखारे, मग गार. पहाटे थंडी असतेच. त्याला पिशवी आणि रजई. अलार्म लावलाय.

कंडे मात्र राहिलेत. संक्रांतीला आईंनी तीळ तंदूरच्या झाकणावर भाजले. बाभळीवर पहिली खेप करपली, तडतडून घरभर उडाले. मग त्यांनीच दार उघडून दोन कंडे आत टाकले, जाळ बसला आणि तीळ असे एकसारखे बदामी झाले की मुरैन्याच्या गजकवाल्याने (तिळाची मिठाई करणाऱ्याने) बघावं. तेवढ्या अर्ध्या तासाच्या धुराबद्दल काही बोलायची माझी हिंमत झाली नाही.

---

श्वास | १६ जानेवारी, रात्री १०:०५

तिळासाठी माफ. वायरिंग विसरू नका.

---

बंबवाली | १७ जानेवारी, सकाळी ७:१०

वरून पेटवायचं मी आमच्या शेतावरच्या चुलीत करून बघितलं. जमलं नाही, चूल चूलच आहे.

लष्करकर, आरा मशीनवरून भुसा फुकट मिळत असेल तर भुशाची शेगडी करून बघा, अंगणात पाणी तापवायला. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, खाली एका बाजूला भोक. मध्ये बाटली उभी करायची, भोकातून लाटणं बाटलीला टेकेपर्यंत सरकवायचं. मग भुसा घालायचा, मुठीने ठासायचा, पुन्हा घालायचा, पुन्हा ठासायचा, काठापर्यंत. बाटली गोल फिरवत अलगद वर काढायची, मग लाटणं. खालच्या बोगद्यात कागदाची सुरळी पेटवून सारायची. आतून बाहेर जळत जातो, तीन तास हात लावायला नको. पण धक्का लागला आणि भुसा ढासळला की मेलात, धुराने डोळे जातील. घरात नाही करायची, अंगणात.

---

लष्करकर | १७ जानेवारी, सकाळी ७:४०

बाटली कुठली? प्लॅस्टिकची पाण्याची चालेल?

---

बंबवाली | १७ जानेवारी, सकाळी ७:५५

पिचते ती ठासताना. काचेची, सरबताची. आणि बाहेरून तेलाचं बोट फिरवा, नाहीतर निघायची नाही.

---

पोहेजलेबी | १७ जानेवारी, सकाळी ८:३०

भुसा सागाचा, की कुठलाही?

---

बंबवाली | १७ जानेवारी, सकाळी ८:४२

कुठलाही, पण करवतीचा जाडसर. रंधा मारलेल्या सालपटाचा ठासला जात नाही. प्लायवूडवाल्याकडचा नको, वर काका काय म्हणाले ते वाचलंत ना?